बांधलेल्या पाण्यावरची पाखरं

५ नोव्हेंबर २०२५, बुधवार

पहाटे नागपूरच्या फुटाळा तलावावर पोचले तेव्हा चंद्र पलीकडच्या झाडीआड चालला होता. आज त्रिपुरी पौर्णिमा. संध्याकाळी काठावर दिवे लावायला बाया येतील. आत्ता मात्र चौपाटीवर फिरायला आलेली माणसं आणि चहाच्या गाड्यांची मांडामांड एवढंच. पाण्यात वारकऱ्यांचा एक थवा होता, काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले. कडेच्या दगडांवर एकटा तुतवार शेपटी खालीवर करत चालत होता. एवढासा जीव हिमालयाच्या पलीकडून येतो आणि दरवर्षी याच दगडांवर दिसतो. तोच असतो की दुसरा, हे पायात कडं घातल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

आजपासून पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर हा वन्यजीव-लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्ष्यांसाठी पाळायचा, असं सरकारने २०२० साली ठरवलं. यंदा पहिल्यांदाच चितमपल्ली नाहीत. एप्रिलमध्ये त्यांनी पद्मश्री स्वीकारली आणि १८ जूनला सोलापूरला ते गेले. जन्म सोलापूरचा, पण त्यांच्या आयुष्यातला किती काळ आपल्या विदर्भाच्या जंगलांनी घेतला! निवृत्तीनंतर ते बरीच वर्षं नागपुरात राहिले. माझ्या पिढीच्या कितीतरी लोकांना रातथारा, म्हणजे पक्ष्यांची रात्रीच्या मुक्कामाची जागा, आणि सारंगागार, म्हणजे बगळ्यांची वीण-वसाहत, हे शब्द त्यांच्याकडून मिळाले, आणि शब्द मिळाल्यावर ती जागा दिसायला लागली. संध्याकाळी बगळे कुठल्या झाडावर टेकतात ते मी त्यानंतर पाहू लागले.

काठावर दुर्बीण लावून उभी होते, तेव्हा फिरायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "मॅडम, काय पाहून राहिल्या?" मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बराच वेळ पाहून म्हणाले, "तीस वर्षं झाली इथं फिरून राहिलो, पण हे पांढऱ्या टिळ्याचं कधी पाहिलंच नव्हतं." नाव सांगितल्यावर त्यांना फार आवडलं. घरी पंढरीची वारी असल्याचं त्यांनी सांगितलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

महिनाभरापासून मनात घोळणारी गोष्ट आज लिहून काढते.

फुटाळ्याचा खटला ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात संपला. तलावात संगीत कारंजी, काठाला प्रेक्षकांसाठी गॅलरी, पाण्यात तरंगतं उपाहारगृह आणि कृत्रिम वडाचं झाड, असा तो प्रकल्प. त्याविरुद्ध नागपूरची एक संस्था आधी उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात आणि मग दिल्लीला गेली. पाणथळ जागांचे २०१७चे नियम इथे लागू होतात, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. हा तलाव भोसल्यांच्या काळात बांधला गेला, म्हणजे मानवनिर्मित आहे, आणि पिण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी माणसाने बांधलेलं पाणी त्या नियमांच्या व्याख्येत बसत नाही. व्याख्या तशीच आहे, हे मी नियम काढून वाचलं. नदीचं पात्र आणि धानाची बांधीसुद्धा त्यातून वगळलेली आहेत.

ही व्याख्या विदर्भाला लावून पाहिली की छाती दडपते. इथे निसर्गाने केलेलं सरोवर आहे कुठे? एक लोणार, तेही उल्केने केलेलं. बाकी सगळं पाणी माणसाच्या हातचं आहे. फुटाळा भोसल्यांचा. शुक्रवारी तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, आणि नाईक तलाव, लेंडी तलाव, सक्करदरा, सोनेगाव ही सगळी जुन्या नागपूरने बांधलेली तळी. अंबाझरीचं धरण १८७० सालचं, शहराच्या नळासाठी. गोरेवाड्याचा जलाशय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला, तोही नळासाठीच. हे सगळं वगळलं तर नागपुरात पाणपक्ष्यांसाठी काय उरतं? काहीच नाही.

आणि मानवनिर्मित म्हणून निसर्गाच्या लेखी किंमत कमी, असंही नाही. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर, २०२० साली जाहीर झालेलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली शेतीच्या पाण्यासाठी बंधारा घातला, त्यामागे गाळ साठला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. इंजिनिअरच्या नकाशात त्यातलं पाणी तेवढं होतं.

तरी त्याच निकालात आपल्या उपयोगाचं एक सूत्र आहे, आणि वर्तमानपत्रांत त्याची चर्चा फार कमी झाली. सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व फक्त नैसर्गिक साधनांपुरतं नाही, माणसाने घडवलेल्या तलावालाही ते लागू होतं, असं न्यायालय म्हणतं. तलावात कायमस्वरूपी बांधकाम करायचं नाही, पाणी स्वच्छ ठेवायचं, त्यातल्या जीवांना अपाय होऊ द्यायचा नाही, हे उच्च न्यायालयाने बजावलं होतं आणि ते कायम राहिलं. म्हणजे शासन या पाण्याचं मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्ताला हिशेब मागता येतो. पुढची लढाई मला या वाक्यावर उभी राहिलेली दिसते. पाणथळ ठरलं की नाही यावर आता डोकं फोडून उपयोग नाही. रोज संध्याकाळी काठावर जे पडतं आणि नाल्यातून जे तलावात येतं, त्याचा जाब विचारायचा.

रात्री आणखी एक विचार आला. बदकं आणि इतर बरेच स्थलांतरी पक्षी रात्री उडतात आणि ताऱ्यांवरून दिशा धरतात, शहराचा उजेड त्यांना चकवतो. नागपूरपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर पेंच आहे. त्याला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी, खापा अशा गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली पडेल असे केले आणि वरचं आकाश काळं राखलं. दिवे बदलणं हे काही अवघड काम नाही. महापालिकेने मनावर घेतलं तर निदान तलावांच्या काठचे दिवे हिवाळ्यापुरते तरी तसे करता येतील.

८ नोव्हेंबर, शनिवार

अंबाझरी. मागच्या अंगाने, जैवविविधता उद्यानाच्या बाजूने गेले. ही सातशेहून अधिक हेक्टर जमीन आता वनखात्याकडे आहे. बोरी-बाभळी, मध्येमध्ये गवताचे मोकळे पट्टे. गवतावरून दलदली भोवत्या अगदी खालून संथ उडत गेला, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून. गप्पीदास काट्याकुट्यांच्या शेंड्यांवर बसून होते. अशा माळाला लोक 'पडीक' म्हणतात, आणि झाडं लावायला पहिल्यांदा तिकडेच धावतात. गवत हाच काही पक्ष्यांचा निवारा असतो, तिथे रोपं लावली की ते पक्षी निघून जातात. वृक्षारोपणाचा फोटो छान येतो, पण गवताच्या माळावर खड्डे खणणाऱ्यांना मी आता भिडेला न पडता थांबवते.

ऑक्टोबर संपता संपताही पाऊस झाला, त्यामुळे पाणी अजून काठाला लागलेलं आहे. जाळं आवरत असलेला ढीवर दादा ओळखीचा.

"यंदा तुमचे पाहुणे कमी आहेत न मॅडम?"

"हो ना. शेकाटे दिसतच नाहीत."

"पाणी उतरलं नाही ना अजून. चिखल उघडा पडन तवा येतीन ते लांब पायाचे. आत्ता येऊन करतीन काय, उभं कुठं राहतीन?"

पक्ष्यांवरच्या पुस्तकात हेच चार परिच्छेदांत लिहिलेलं असतं. शेकाटा, तुतवार, पाणलाव्यासारखे किनाऱ्यावर चरणारे पक्षी उथळ पाण्यात आणि ओल्या चिखलात किडे शोधतात. काठ उतरता हवा. तलावाला चारही बाजूंनी सरळ दगडी भिंत बांधली, वर कठडा आणि फरशी घातली, की तो पट्टा कायमचा जातो. त्या कामाला 'सौंदर्यीकरण' म्हणतात आणि निविदा निघते.

जलपर्णीबद्दल विचारलं तर दादाने हात झटकले. "काढून राहिले, काढून राहिले. पण वरून घाण येणं बंद झाल्याबिगर हे जाते का?" त्याचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते आणि अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होते. खालच्या पाण्यात उजेड पोचत नाही, प्राणवायू संपतो, मासे मरतात. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी तिच्यावर मजेत हिंडतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला तलाव भरलेला वाटतो. बुडी मारून खाणाऱ्या लालसरी बदकांना मोकळं पाणी लागतं, ती वरच्यावर फिरून पुढे निघून जातात. यंत्र लावून जलपर्णी उपसण्यापेक्षा वाडी-हिंगण्याकडून येणारं सांडपाणी तलावाआधीच शुद्ध करणं हाच उपाय आहे. तो महाग आणि संथ आहे, उद्घाटनात दिसण्यासारखाही नाही. तरी तोच आहे.

परतताना सांडव्याजवळ थांबले. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडली आणि नाग नदी कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आऊट, काचीपुरा, सीताबर्डीपर्यंत घरादारांत शिरली. माणसं दगावली. त्या सकाळी मी ओळखीच्या एका घरात गेले होते. भिंतीवर छातीइतक्या उंचीला चिखलाची रेघ होती आणि घरातल्या आजी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. तेव्हापासून कुणी मला 'माणसं महत्त्वाची की पाखरं' असं विचारलं, की मी त्यांना इथे घेऊन येते. तलावातला गाळ वेळेवर काढला, सांडव्यापुढे अडथळा ठेवला नाही, नदीला पसरायला काठ ठेवला, की घर वाचतं आणि बदकही वाचतं. त्यासाठी दोन वेगळी खाती आणि दोन वेगळे निधी लागत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

उमरेडकडे. मकरधोकडा, मग सायकी. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले राजहंस, अजून आलेले नाहीत. ते इकडे बहुतेक थंडी पक्की झाल्यावर उतरतात. चक्रवाकाची एक जोडी होती. धान कापणीला आलेलं.

दुपारी पाळीवर बसून डबा खाल्ला. विदर्भात तलावाच्या बांधाला पाळ म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत अशा पाळी हजारोंनी आहेत, बऱ्याचशा कोहळी लोकांनी गोंड राजवटीत बांधलेल्या. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी डोंगरांमधल्या फटी बुजवून केला. चितमपल्लींना सरोवरावरची पाखरं दिसली ती तिथे, आणि गावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारखा जाणता सोबतीही तिथेच मिळाला. १९५१ साली मालगुजारी गेली. तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. सरकारी कागदात त्याचं झालं 'मामा तलाव'. मालक गेला आणि राखणही गेली. पूर्वी गाळ शेतकरी उपसून नेत, पाळ गाव दुरुस्त करी, मासे ढीवरांचे. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं होतं. नंतर गाळ साचला, बेशरमची झुडपं माजली, आणि बाहेरच्या माशांचं बियाणं सोडल्यावर गावठी मासे कमी झाले.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाबरोबर, त्यातही ढीवर बायांबरोबर जे काम केलं, ते नागपूरकरांनी जाऊन पाहायला हवं. आधी बेशरम मुळासकट उपटली. मग पावसाळ्याआधी कोरड्या पडलेल्या भागात नांगरट करून देवधानासारख्या देशी पाणवनस्पती लावल्या. वनस्पती आल्या तसे मासे आले आणि पक्षी आपोआप आले. कुठल्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे त्या बायांना पाठ होतं, कुणी विचारलं नव्हतं एवढंच. शहरातल्या तलावांच्या समित्यांवर आर्किटेक्ट असतात, कंत्राटदार असतात, जाळं टाकणारा एकही नसतो. अंबाझरीच्या त्या दादाला बैठकीला बोलावलं पाहिजे, असं मी तलावांसाठी करायच्या अर्जात लिहिणार आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

बँकेच्या कामाने अजनीला. काम दहा मिनिटांचं, पण रेल्वे वसाहतीतून मुद्दाम चालत आले. जुन्या बैठ्या क्वार्टरांमधून उभे कडुनिंब, चिंचा, पिंपळ, वड. एका पिंपळावर राखी धनेशाची जोडी होती. करड्या अंगाची, वाकड्या चोचीची, उडताना वर-खाली होत जाणारी. नागपूरच्या माणसाला धनेश पाहायला जंगलात जावं लागत नाही, ही केवढी श्रीमंती आहे!

इथली हजारो झाडं इंटरमोडल स्टेशनसाठी जाणार होती. २०२०-२१ मध्ये शहरातली तरुण मुलं, रेल्वेतली कुटुंबं, निवृत्त माणसं दर रविवारी इथे जमत. त्यांनी या वसाहतीला 'अजनी वन' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव रुजलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तोडीला स्थगिती मिळाली. आम्ही झाडांना राख्या बांधल्या, झाडांची मोजदाद केली, ढोल्यांचे फोटो काढले.

ढोल्यांचं सांगायला हवं. एका झाडाच्या बदल्यात पाच लावू, दहा लावू असं सांगितलं जातं. पण धनेशाची मादी म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत शिरते, आतून दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला त्या फटीतून खाऊ घालतो. रोपाला ढोली नसते. ती पडायला झाडाचं वय व्हावं लागतं, फांदी मोडावी लागते, आत कूज लागावी लागते. आज लावलेलं रोप धनेशाच्या उपयोगाला येईपर्यंत मी नसेन, माझी मुलगी म्हातारी झालेली असेल. २०२१ साली राज्याच्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं गेलं, ते याच समजुतीतून. कायदा चांगला आहे. आपापल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या झाडांची यादी करून ती मनपाच्या उद्यान विभागाकडे देणं हे मात्र आपल्यालाच करावं लागेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सालिम अलींचा जन्मदिवस, सप्ताहाचा शेवट. सकाळी शेजारची बारावीतली मुलगी आणि तिचा लहान भाऊ यांना घेऊन सेमिनरी हिल्सवर गेले. हरियालांचा थवा उंबरावर उतरला होता. पानांत इतके मिसळलेले की फळ पडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे मुलांना दिसले. आपला राज्यपक्षी इथे राहतो हे धाकट्याला खरंच वाटेना.

याच टेकडीवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जखमी पाखरू, माकड, साप, जे सापडेल ते लोक इथे आणतात. जानेवारीत तिथे नायलॉन मांजाने पंख कापलेल्या घारी, घुबडं, बगळे येत राहतात. नागपूरची संक्रांत म्हणजे पतंग, आणि तो आनंद मलाही कळतो, लहानपणी आम्हीही गच्चीवरून 'ओ काट' ओरडलो आहोत. पण तो सुती दोरा होता. नायलॉनचा मांजा तुटत नाही, कुजत नाही, मार्चपर्यंत झाडांवर लोंबत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली तो देशभर बंद केला, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तरी लपूनछपून मिळतो. मुलीने वर्गातल्या मुलांकडून संक्रांतीनंतर लोंबता मांजा गोळा करून आणण्याचं कबूल केलं आहे. काठीला आकडा मी बांधून देणार.

घरी येताना तिने विचारलं, "काकू, गोरेवाड्याचे वाघ बर्ड फ्लूने कसे मेले?" गेल्या वर्षाअखेरीचं ते प्रकरण. बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ असल्याचं सांगितलं. माणसाशी संघर्ष झाला म्हणून चंद्रपूरकडून आणलेले जीव होते ते. जंगल तुटलं म्हणून गावाजवळ आले, गावाजवळ आले म्हणून पिंजऱ्यात आले, आणि पिंजऱ्यात या रोगाने गाठलं. मी तिला एवढं सांगितलं की पिंजऱ्यात वाघाचं पोट आपल्या हातच्या मांसावर चालतं, त्यामुळे त्याच्या खाण्याची तपासणी आपल्या पोराबाळांच्या ताटाइतकी काटेकोर हवी. ती गप्प झाली. मलाही पुढे बोलवेना.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गोरेवाडा. पर्यटक सफारीच्या गाड्यांसाठी रांगेत होते, आम्ही जलाशयाच्या कडेने गेलो. साग अजून हिरवा, गवत पिवळं पडायला लागलेलं. मोर, चितळांचा कळप, पाण्यावर नदी सुरय.

हे एकोणीसशे हेक्टरचं रान शहराला लागून उरलं कसं? जलाशयाचं पाणलोट म्हणून. नळाचं पाणी गढूळ होऊ नये, यासाठी शंभर वर्षांपूर्वी या टेकड्यांवर वस्ती होऊ दिली नाही. वाघ-बिबट्यांचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. पाणी राखलं आणि त्यामागे जंगल राहिलं. आता गोरेवाड्याला पेंचमधून पाणी येतं, शहराचा मोठा भाग पेंचवर जगतो. आपण सकाळी तोंड धुतो ते व्याघ्रप्रकल्पातल्या पाण्याने.

रानात मोकळे बिबटे आहेत. २०२१च्या मे महिन्याअखेरीस एक बिबट्या गायत्रीनगर, आयटी पार्क, महाराजबागेपर्यंत फिरला. वनखात्याने पिंजरे लावले, कॅमेरे लावले. आमच्या भागात लोक संध्याकाळी दारं लावून घेत होते. मिहानमध्ये तर नोव्हेंबर २०१९ मध्ये वाघ आला होता. बोर, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, तिन्हीकडून वाटा नागपूरकडे येतात, मधल्या नाल्यांनी आणि झुडपांनी जोडलेल्या. हे जोड तोडले तर वाघ यायचा थांबत नाही. तो रस्त्यावरून येतो.

रस्ता कसा बांधता येतो, हेही आपल्याच जिल्ह्यात दिसतं. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४चं चौपदरीकरण मनसर ते खवासा अडलं होतं. पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या, भारतीय वन्यजीव संस्थेने अभ्यास केला आणि प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग बांधले गेले. सर्वांत लांब साडेसातशे मीटरचा. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात तिथल्या कॅमेऱ्यांनी अठरा जातींच्या प्राण्यांच्या ५,४५० नोंदी टिपल्या. त्यात अकरा वेगवेगळे वाघ होते, एकूण ८९ वेळा. वरून ट्रक चालू आणि खालून वाघीण जात असलेलं चित्र मी शाळेत मुलांना दाखवते. खर्च झाला, वेळ गेला, भांडावं लागलं, पण जमलं. फुटाळा आणि अंबाझरीसाठी 'आता काही होत नाही' म्हणणाऱ्या आमच्या पक्षीमित्र मंडळींना मी आज तेच सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज घरीच बैठक झाली. पोहे-तर्री आणि भरपूर चर्चा. अर्ज तयार झाला. तलावांच्या काठचा एक तरी भाग उतरता, मातीचा ठेवा. सांडपाण्याची तपासणी दर महिन्याला करून आकडे जाहीर करा. तलाव समितीत ढीवर प्रतिनिधी घ्या. काठचे दिवे खाली वळवा. विश्वस्ताच्या तत्त्वाचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात आहे. वकील असलेल्या एका मैत्रिणीने भाषा नीट केली. आमच्यातल्या चित्राताईंना वाटतं आम्ही फार मागतोय, मला वाटतं कमी मागतोय. शेवटी तेवढंच ठेवलं.

मग जानेवारीच्या आशियाई पाणपक्षी गणनेची वाटणी केली. १९८७पासून चालू असलेलं हे काम. नोंदी नसतील तर तलाव रिकामा होता असं कुणीही म्हणू शकतं. आपल्या वहीतला आकडा हाच उद्या न्यायालयात पुरावा असतो. फुटाळा आणि अंबाझरीला सगळेच तयार होते. सोनेगाव दोघी बहिणींनी घेतला, पारडगाव आणि सायकी मोटारसायकलवाल्या मुलांनी. शेजारच्या मुलीने गांधीसागर घेतला. तिच्या आजोळाच्या घरातून तो दिसतो. पोलीस लाईन टाकळीच्या तलावाकडे कुणी वळत नाही, तिथे घाण फार आणि पाखरं थोडी, म्हणून तो मी मागून घेतला. थोडी असली तरी मोजायला हवीत. ढीवर दादाला फोन केला, अंबाझरीवर तो नाव घेऊन येणार आहे. पहाटे सहाला.